चोरीची तारीख

आंबागड, ता. तुमसर
९ नोव्हेंबर २०२५

सौ. ज्योत्सना,

मावसभावाचे आशीर्वाद, आणि त्यासोबत एक कुरकुर.

फोन का केला नाही, असं विचारशील. शाळेसाठी मी रोज तुमसरला जातो आणि तिथे फोन लागतो. गेल्या महिन्यात तुला पाच वेळा केला. पाचही वेळा तू "मीटिंगमध्ये आहे, भाऊ" म्हणालीस. पत्राला मीटिंग नसते. शिवाय सव्वीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवून मला एक खोड लागली आहे: उत्तर लेखी हवं असतं.

तू भंडाऱ्याला ज्या कंपनीत आहेस, ती जिल्ह्यातल्या गावांत फायबरच्या तारा टाकते आणि म्हणे सांभाळतेही. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तुमचा डबा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याचा दिवा अकरा दिवस लागला होता. मग जूनचं वादळ आलं, आणि तेव्हापासून डब्यात पाली राहतात. त्यांची काही तक्रार नाही.

माझीही नसती. मला नेट लागतं ते पंचांग पाहायला, आणि पंचांग माझ्याकडे छापील आहे. काम रिताचं आहे. रिता म्हणजे आसारामची सून. आसाराम म्हणजे आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. सुट्टीत आलीस की तुझ्यामागे खेकडा घेऊन धावायचा तोच. रिताला नागपूरच्या एका दवाखान्याचं काम मिळालं आहे. पेशंटचे फोन घ्यायचे, डॉक्टरांची वेळ द्यायची, आणि हे सगळं घरी बसून. आमच्याकडे घरी बसून म्हणजे किल्ल्यावर बसून, कारण मोबाइलचं नेट तिथेच धड मिळतं. सकाळी सातला ती लॅपटॉप पाठीला बांधून पहिल्या दरवाजापर्यंत चढते, तीनला उतरते. अस्वलांची वाट आहे, म्हणून नवरा मुन्ना काठी घेऊन शेजारी बसतो. परवा एका म्हातारीला ती वेळ सांगत असताना मागे वानरांनी असा कल्ला केला, की म्हातारीनं विचारलं, "बाई, हा माणसाईचाच दवाखाना हाय ना?"

दवाखान्यानं आता लेखी कळवलं आहे. ३१ जानेवारीपर्यंत घरात तारेचं नेट हवं, वेग किमान वीस एमबीपीएस. नसेल तर नागपूरला येऊन बसा, नाहीतर काम सोडा. रिता म्हणते, "गुरुजी, मी काम बी सोडत नाई अन् गाव बी सोडत नाई. तार काहून बंद हाय, तेवढं सांगा." 'काहून' या प्रश्नावर आपली सहा दर्शनं उभी आहेत, पण तारेविषयी एकही बोलत नाही. म्हणून सातवं दर्शन म्हणून तुला विचारतो. तुमच्या दफ्तरी आंबागडची अवस्था काय आहे?

उत्तराची वाट पाहतो, फार दिवस पाहणार नाही,
लिलाधर


भंडारा
१७ नोव्हेंबर २०२५

ती. लिलाधरभाऊ,

नमस्कार. मी खरंच मीटिंगमध्ये असते हो. पाचांतल्या तीन वेळा तरी होते.

आमच्याकडे प्रत्येक गावाची कॉम्प्युटरवर एक ओळ असते. लाइन चालू असली की ओळ हिरवी, बंद पडली की लाल. आंबागड हिरवं आहे. साधंसुधं हिरवं नाही, सरासरी वेग चौऱ्याण्णव. जून तेवीसपासून एकदाही लाल झालेलं नाही. दुरुस्तीची गाडी लाल गावांना जाते. हिरव्या गावाला गाडी पाठवायची तर कारण काय लिहू?

घरोघरच्या जोडणीचं वेगळं आहे. पंचायतीची लाइन समाधानकारक चालते असा दाखला सरपंचांनी सही करून दिला, की गाव पुढच्या टप्प्यात येतं. तुमच्या गावचा दाखला अजून आलेला नाही.

राग मानू नका, पण पुष्कळदा गावातच काहीतरी झालेलं असतं. कोणी डब्याची वीज काढतं, कोणी तारेला म्हैस बांधतं. एकदा लाइनीच्या कडेनं चालत जाऊन पाहाल का? चालण्याची तुम्हाला हौस आहेच. माझ्याकडून शब्दरूपं म्हणून घेत घेत मला किल्ल्यापर्यंत चालवत न्यायचात, आणि 'वन' शब्द संपला तरी वन काही संपायचं नाही.

रिताला सांगा, प्रयत्न करते.

तुमची,
ज्योत्सना


आंबागड
२४ नोव्हेंबर २०२५

सौ. ज्योत्सना,

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक. आयुष्यात पहिल्यांदाच असं वाक्य लिहितो आहे.

तू सांगितलंस म्हणून रविवारी लाइनीवर निघालो. आसारामला सोबत घेतलं, कारण तार तलावाच्या पाळीवरून येते आणि तलाव त्याच्या सोसायटीकडे आहे. एरवी हा माणूस माशांवर बोलायला लागला की मासेच कंटाळतात. त्या दिवशी पाळ निम्मी संपली तरी तोंडातून शब्द नाही. मग एका खड्ड्याशी थांबला. तिथे खांब होता. पुढे आणखी एक खड्डा. त्यांच्यामध्ये, जिथे तार हवी, तिथे नुसती हवा.

"गुरुजी," तो म्हणाला, "ते तार मायाच घरी हाय."

मी खाली बसलो. तो उभाच राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"वादळात दोन खांब पडले ना, तवा तार पान्यात गेली. आमी फोन केला. एकदा नाई, तीनदा. तिकून बाई बोले, तुमची लाइन चालू हाय. मंग मी म्हनलं, बापा, लाइन चालू हाय तं हे जे पान्यात पडून हाय ते लाइन नोहे. कोन्तं तरी जुनं टाकून देल्लं असंल. तरी नऊ महिने हात नाई लावला. मंग कापलं."

"कापून केलंस काय?"

त्याचा चेहरा उजळला, आणि हीच या गोष्टीतली भयंकर बाब आहे. "काळी साल सोलली. आत पिवळा धागा निंगाला, झुपकेच्या झुपके. मी अन् मुन्नाच्या मायनं, बायाबाईनं, दोर वळला, मोठ्या जाळ्याचा वरचा दोर. गुरुजी, काय धागा हाय! पान्यात सडत नाई, उन्हात तुटत नाई. चाळीस वर्सात असा दोर हाती नाई आला. अन् मधात केसावानी काच होती, ते पुरून टाकली. लेकराच्या पायात जाईल म्हनून."

"आणि साल?"

"वालाच्या मांडवाले बांधली."

दोन वर्षं होत आली, ज्योत्सना. आमचं गाव ज्या तारेसाठी तळमळतं, तिच्यावर शेंगा चढल्या आहेत, आणि तिच्या पोटातला धागा रोहू ओढतो आहे. चोरी करायची म्हणून त्यानं हे केलं नाही. तुमच्याच बाईच्या शब्दाला प्रमाण मानून केलं. पण रिताला अजून माहीत नाही, आणि तिच्या पायाखालची वाट तिच्याच सासऱ्यानं कापली, हे तिला कसं सांगायचं ते मला सुचत नाही.

तू कुणाला बोलू नकोस. आणि काही मार्ग असेल तर सांग.

लिलाधर


भंडारा
१ डिसेंबर २०२५

ती. भाऊ,

पत्र फाडलं. तुमचं अक्षर फाडताना जिवावर आलं, पण फाडलं.

ही गोष्ट पाळीच्या बाहेर जाऊ देऊ नका. तार तोडली की इथे सरळ पोलिसात देतात. मागच्या वर्षी एकाला अकरा दिवस आत ठेवलं होतं, आणि त्यानं फक्त बैल बांधायला चार हात कापली होती. सालीवर प्रत्येक मीटरला आकडा छापलेला असतो. आमच्या गोदामातल्या वहीशी तो जुळला, की संपलं. ती साल आधी जाळून टाका.

मार्ग एकच दिसतो. सरपंचांना दाखल्यावर सही करायला सांगा. लाइन समाधानकारक, बस. गाव पुढच्या टप्प्यात आलं की नवीन तार येतेच, जुनी कुठे गेली ते कोणी विचारत नाही. जूनपर्यंत काम होईल. रिताच्या दवाखान्याला म्हणावं, चार महिने थांबा. मला माहीत आहे, तुम्हाला खोटं चालत नाही. पण हे खोटं कोणाचं नुकसान करत नाही, आणि आसारामकाका साठी पार केलेले आहेत.

माझं ऐका, भाऊ. एकदा तरी.

ज्योत्सना


आंबागड
९ डिसेंबर २०२५

सौ. ज्योत्सना,

साल जाळली नाही. वालाला अजून शेंगा आहेत.

तुझं पत्र मी आसारामच्या ओसरीवर वाचून दाखवलं. तो, बायाबाई, मुन्ना, रिता आणि सरपंच ताराबाई एवढीच माणसं. रिताला आदल्या दिवशी त्यानं स्वतःच सांगितलं होतं. त्या दिवशी ती किल्ल्यावर एकटी गेली. मुन्ना काठी घेऊन मागून निघाला, तर तिनं त्यालाही परत पाठवलं.

दाखल्याचं ऐकून ताराबाई म्हणाल्या, "मी सई करत नाई. खोट्यावर सई करायले गावानं मले निवडून देल्लं नाई. अन् जून कायले? दवाखाना का पानी पडेपर्यंत वाट पाहीन?"

मग मला एक शंका आली, आणि ती मी तुला सोप्या भाषेत सांगतो. २२ मे २०२४ च्या पेपरात आमच्या सोसायटीचा फोटो आला होता. वीस माणसं तलावात जाळं ओढताहेत, आणि जाळ्याचा वरचा दोर पिवळाधमक. कात्रण आसारामनं देवाच्या फोटोशेजारी लावलं आहे. आता सांग, त्या मे महिन्यात तुमच्या दफ्तरी आंबागडचा वेग किती होता? चौऱ्याण्णवच ना? म्हणजे ज्या तारेतून तुमचा प्रकाश चौऱ्याण्णवच्या वेगानं धावत होता, ती तार त्याच वेळी गुडघाभर पाण्यात कतला मासे ओढत होती. नसलेल्या वस्तूची उदाहरणं म्हणून आम्ही पोरांना सशाचं शिंग आणि आकाशातलं फूल शिकवतो. यंदापासून आंबागडचा वेग हे तिसरं शिकवणार आहे.

मी हे बोललो आणि आसाराम उठून उभा राहिला. "मंग मी सांगतो ना साह्यबाले. मी कापली. अमुक दिसी कापली. त्या दिसापासून लाइन नाई. माया कबुलीशिवाय ते कोन मानंल?"

रिता म्हणाली, "मामाजी, माह्यासाठी ठाण्यात जा लागलं तं?"

"तुह्यासाठी कायले? मायासाठी. तुले गाव सोडा लागलं तं लोकं म्हनतील, सासऱ्यानं सुनेची वाट कापली. ते मले आयकायचं नाई."

मी पुष्कळ समजावलं. माझ्या सगळ्या शास्त्रांचं वजन त्याच्या मासेमारीच्या एका डोंग्यात मावलं, आणि डोंगा तसूभरही खाली गेला नाही.

अर्ज लिहून तयार आहे. त्याआधी एक विचारतो. जिथून काहीच येत नव्हतं, तिथला चौऱ्याण्णव कुठून आला? तो आकडा यंत्र भरतं, की माणूस? माणूस भरत असेल, तर कोण?

लिलाधर


भंडारा
१४ डिसेंबर २०२५

भाऊ,

मी भरते.

यंत्रातून आकडा आला नाही तर रकाना रिकामा राहतो. रिकामा राहिला की ओळ लाल होते. लाल झाली की नागपूरहून फोन, मुंबईहून फोन, साहेबांची आरडाओरड. पहिल्यांदा साहेब म्हणाले, "मागच्या महिन्याचा टाका, पुढच्या महिन्यात सुरू होईलच." पुढच्या महिन्यात झाली नाही. मग मी मागच्याच्या मागचा टाकला. आता विचारावंही लागत नाही. महिन्याच्या एक तारखेला मी बसते आणि तोच आकडा खाली ओढत जाते.

तुमच्या गावचा फोन आला तेव्हा "लाइन चालू है" म्हणणारी बाई मी नव्हते. पण ती जे पाहून बोलली, ते माझं होतं.

माझं काम अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर चालतं. हा करार ३१ जानेवारीला संपतो. रिताची आणि माझी तारीख एकच आहे, हे तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून 'प्रयत्न करते' एवढंच लिहिलं.

अर्ज देऊ नका असं मी म्हणत नाही. द्या असं म्हणायला जीभ उचलत नाही.

ज्योत्सना


आंबागड
२० डिसेंबर २०२५

ज्योत्सना,

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. रागावलो होतो. मग लक्षात आलं, सव्वीस वर्षांत पोरांना शेजाऱ्याची कॉपी करताना मी शेकडो वेळा पकडलं. स्वतःच्याच मागच्या महिन्याची कॉपी करणारी तू पहिली. एवढ्या हुशार पोरीवर फार वेळ रागावता येत नाही.

अर्ज ५ जानेवारीला तुमच्या कार्यालयात देणार आहोत. त्या सोमवारी तुमचे मोठे साहेब तक्रारी ऐकतात असं कळलं. अर्जात तुमच्या कार्यालयातल्या कोणाचंही नाव नाही. मी शुद्ध मराठीत एक मसुदा केला होता, तो आसारामनं ऐकून घेतला आणि म्हणाला, "हे मी बोललो असं कोनी म्हननार नाई." मग त्यानं सांगितलं तसं लिहिलं, शुद्धलेखन तेवढं माझं. खाली उतरवून देतो, म्हणजे तुला आधीच माहीत असावं.

"साहेब, मी आसाराम, राहणार आंबागड, मच्छीमार. तुमची तार वादळात पडली. आम्ही तीनदा फोन केला. लाइन चालू आहे असं तुम्ही सांगितलं. नऊ महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, होळीच्या आठ दिवस आधी ती मी कापली. तिचा दोर केला. दोर सोबत आणला आहे. साल पण आणली आहे, आकडे पाहून घ्या. माझ्यावर काय करायचं ते करा. पण माझ्या सुनेच्या घरी ३१ जानेवारीच्या आत तार पाहिजे. ती गाव सोडणार नाही."

शेवटचं वाक्य त्याचं नाही. ते रितानं माझ्या हातातून पेन घेऊन लिहिलं.

तुला काय करायचं ते तू ठरव. मी सल्ला देत नाही. सल्ला देणारा माणूस नेहमी मागे, सुरक्षित जागी उभा असतो.

लिलाधर


भंडारा
६ जानेवारी २०२६

ती. भाऊ,

काल तुम्हाला वॉचमननं फाटकाशीच थांबवलं. दोघांनाच आत सोडायचं, असा नियम त्यानं तिथल्या तिथे केला, म्हणून काका आणि रिता एवढेच आत आले. आतलं आसारामकाकांनी एसटीत सांगितलंच असेल. पण काका आपल्याबद्दल कमी सांगतात, आणि ते गेल्यावर काय झालं ते त्यांना माहीत नाही. म्हणून लिहिते.

काकांनी टेबलावर आधी सालीचं वेटोळं ठेवलं, मग पिवळा दोर. अख्ख्या ऑफिसात तळ्याचा वास. साहेबांनी अर्ज वाचला आणि पहिल्यांदा हसले. मग आवाज चढवला. "ही चोरी आहे. कळतं का? मी आत्ता पोलिसांना बोलावतो."

काका म्हणाले, "बोलवा ना, साह्यब. मी कोठं पळून राह्यलो? चोरी लिवा. पन तारीख लिवा."

"लिहितो ना. कोणती तारीख?"

"लिवली हाय अर्जात. मार्च चोवीस."

साहेबांनी पेन उघडलं. मला म्हणाले, "मॅडम, आंबागडचं मार्च चोवीस काढा." मी काढलं. चौऱ्याण्णव. एप्रिल चौऱ्याण्णव. मे चौऱ्याण्णव. स्क्रीन मोठी आहे, सगळ्यांना दिसत होती. साहेबांनी पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. मार्च लिहावा तर पुढच्या बावीस महिन्यांच्या हिरव्या ओळी खोट्या. मागचा आठवडा लिहावा तर ते पेपरातलं कात्रण काकांच्या हातात. गोदामातली वही आणवली, आकडे जुळवले. तेही जुळले. आता तार आमची नाही असंही म्हणता येईना.

काका म्हणाले, "लिवा ना, साह्यब. मी आंगठा नाई लावत, सई करतो. चौथी शिकलो हाय."

मग तुमची रिता पुढे झाली. फोनवर बोलते तशी, शांत. "तारीख लिवत नसाल, तं चोरी झाली नाई. चोरी झाली नाई, तं आमची तार कोठं हाय? आनून द्या."

भाऊ, तुम्ही मला न्यायशास्त्र दोन वर्षं शिकवलंत. त्या पोरीनं एका श्वासात संपवलं.

साहेब म्हणाले, "विचार करू, या तुम्ही." ते दोघं गेले. दोर काकांनी उचलून नेला. "हे पुरावा हाय, अन् आईतवारी मासे बी काढायचे हायत," असं शिपायाला सांगून.

मग साहेबांनी दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, "आंबागडला मागच्या तारखेनं लाल करा. मार्च चोवीसपासून थोडं थोडं. बिघाड, दुरुस्ती, बिघाड, असं दाखवा." मी खुर्चीवर बसले. हात की-बोर्डवर गेलेही. खोटं पुसायलाही मलाच खोटं लिहायला सांगत होते, आणि मला ते सवयीनं जमलंही असतं.

मी म्हणाले, "साहेब, लाल करते. आजच्या तारखेनं. आणि खाली शेरा लिहिते की आधीचे आकडे यंत्राचे नाहीत, माझ्या हातचे आहेत, आणि कोणाच्या सांगण्यावरून आहेत."

ते म्हणाले, "तुमचा करार एकतीसला संपतो, आठवण आहे ना?"

मी म्हणाले, "तारखा माझ्या चांगल्या लक्षात राहतात."

शेरा लिहिला. छापला. आवक विभागात जाऊन दोन प्रतींवर पोचेचा शिक्का घेतला. शिक्का मारणाऱ्या ताईला म्हटलं, सरळ मार, तारीख वाचता आली पाहिजे.

आंबागड आता लाल आहे. लाल गावाला गाडी जाते.

ज्योत्सना


आंबागड
४ फेब्रुवारी २०२६

चि. ज्योत्सना,

गाडी २७ तारखेला आली. खांब रोवायला त्यांची चार माणसं, आणि पाळीच्या वळणावर पाण्यावरून तार धरायला आसारामचे तीन डोंगे. कंपनीच्या माणसाला त्यानं बजावून सांगितलं, "नीट ताना, बाबू. पडली तं मी परत कापीन." तो हसला. आसाराम हसला नाही.

२९ तारखेला रिताच्या घरात दिवा लागला. तो माणूस म्हणाला, शंभरचा वेग आहे. रितानं तिथल्या तिथे मोजला, एकेचाळीस निघाला. ती म्हणाली, "एकेचाळीस तं एकेचाळीस. कागदावर बी एकेचाळीसच लिवा." त्यानं लिहिलं. तिला वीस पुरतात. दवाखान्याला तीस तारखेला कळवलं, आणि त्याच दिवशी तिनं घरून पहिला फोन घेतला. बायाबाईनं घरातल्या कोंबड्या शेजारी नेऊन ठेवल्या होत्या. मुन्ना सवयीनं काठी घेऊन दारात बसला.

तुझा करार एकतीसला संपला, हे मला तुझ्या नवऱ्याकडून कळलं; तू कळवलं नाहीस. मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं असं लिहून ते भागत नाही. आसारामवर अजून कोणी गुन्हा लिहिलेला नाही. तारीख सापडत नसावी.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. पहिल्या दिवशी रिताला एका माणसाचा फोन आला. त्याच्या बायकोला सातवा महिना, तपासणीची वेळ हवी होती. आवाज तीनदा तुटला. तिनं विचारलं, "दादा, तुमी कोठून बोलून राह्यले?" तो म्हणाला, "मोहाच्या झाडावरून, बाई. पंचायतीत फायबर हाय म्हनतात, पन दिवा कवाच लागला नाई." तिनं त्याला वेळ दिली. दवाखान्याच्या फॉर्मात याला रकाना नाही, म्हणून गावाचं नाव तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. मग ज्याचा आवाज तुटेल त्याला ती विचारू लागली. पेशंटचं नाव नाही, आजार नाही, फक्त गाव, आणि डब्याचा दिवा लागतो की नाही.

चार दिवसांत अकरा गावं झाली. कागद सोबत जोडला आहे. तुला काही काम सांगायचा मला अधिकार नाही. तू दमली असशील. घडी न उघडता ठेवून दिलास, तरी मी विचारणार नाही.

लिलाधर


भंडारा
७ फेब्रुवारी २०२६

ती. भाऊ,

घडी उघडली.

अकराही हिरवी आहेत. त्यांतल्या सात ओळी माझ्या हातच्या. कोणती कोणत्या महिन्यापासून, ते मला कॉम्प्युटरशिवाय सांगता येतं.

पंधरा तारखेच्या रविवारी पहिल्या एसटीनं निघते. आसारामकाकांना म्हणावं, अर्ज कसा लिहायचा ते मला शिकवा. आपल्याला सात लिहायचे आहेत, आणि सातांवर सही माझी असेल.

ज्योत्सना